रॅमचे चारही स्लॉट भरू की दोनच? गेमिंग पीसीची यादी जरा तपासून द्या

धावपट्टी_२७

नमस्कार मंडळी.

सात-आठ वर्षांनी पुन्हा पीसी असेंबल करायला घेतोय. मधल्या काळात या विषयाकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं, त्यामुळे आता नुसती नावं वाचतानाच धाप लागते.

आत्ताचा पीसी २०१८ साली मीच जोडला होता. रायझन ५ २६००, बी४५० मदरबोर्ड, जीटीएक्स १०६० ग्राफिक्स कार्ड सहा जीबीवालं, रॅमच्या ८ जीबीच्या दोन डीडीआर४ स्टिक (खोक्यावर वेग ३००० लिहिलेला, प्रतिसादाचा आकडा सीएल १६), ५५० वॅटचा एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) आणि साटाची, म्हणजे जुन्या संथ जोडणीची, एसएसडी. बिचाऱ्याने आजवर एकदाही दगा दिला नाही.

खेळतो मुख्यतः फ्लाइट सिम्युलेटर. २०२० ची आवृत्ती सेटिंग खाली आणून का होईना, चालायची. २०२४ ची टाकल्यापासून मोठ्या विमानतळावर उतरताना, नेमकी धावपट्टी समोर आली की चित्र अर्धा सेकंद थिजतं. अर्धा सेकंद म्हणजे किती, ते जमिनीपासून पन्नास फुटांवर असलेल्या माणसाला विचारा. टास्क मॅनेजर उघडून पाहिलं तर १६ जीबीपैकी १५ च्या वर भरलेली. म्हणून ठरवलं की खरा आजार रॅमचा आहे, आणि रॅम बदलायचीच तर सगळंच बदलू. रात्री भाच्याबरोबर काउंटर-स्ट्राइक २ असतं, पण तिथे मी तसाही पहिल्या मिनिटात मरतो, तो दोष पीसीचा नाही.

मॉनिटर महिन्याभरापूर्वी घेतला, २७ इंची, १४४०पी, १६५ हर्ट्झ.

यादी अशी झाली आहे:

प्रोसेसर: रायझन ७ ७८००एक्स३डी
बोर्ड: बी६५०, वायफायवाला
रॅम: डीडीआर५ ६०००, सीएल ४०, ८ जीबीच्या चार स्टिक, दिवेवाल्या
ग्राफिक्स कार्ड: आरटीएक्स ४०६०, ८ जीबी
एसएसडी: जेन ५ (पाचव्या पिढीची), १ टीबी
कूलर: ३६० चा लिक्विड
एसएमपीएस: १००० वॅट
कॅबिनेट: दोन बाजूंनी काच

प्रश्न तीन. एक, चारही स्लॉट भरले की रस्ता चार पदरी होतो आणि डेटा दुप्पट धावतो, असं माझं गणित आहे. बरोबर ना? दोन, ते सीएल नक्की किती मनावर घ्यायचं? ५६०० सीएल ३६ पण दिसते आहे, ६००० सीएल ३० पण. तीन, जुन्या दोन स्टिक चांगल्या आहेत, त्या नव्या बोर्डात कुठे खपवता येतील का?

हसा, पण उत्तर द्या.

निळा_पडदा

हसलो नाही. चार स्टिक मात्र अजिबात नका घेऊ, दोनच घ्या. आणि एवढा प्रोसेसर घेऊन त्यावर ४०६०? बैलगाडीला विमानाचं इंजिन.

सविस्तर उरलेला_स्क्रू ताई सांगतील, त्यांचा हा प्रांत आहे. मी वाचतोय.

उरलेला_स्क्रू

हाक ऐकली. निळ्या पडद्याने गाडी आणि इंजिन उलटसुलट जोडलं असलं तरी म्हणणं खरं आहे.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण त्यात वस्तू मोडण्याचा धोका आहे. डीडीआर४ ची स्टिक डीडीआर५ च्या स्लॉटमध्ये जात नाही. गंमत अशी की दोन्हींना पाय २८८ च असतात, हातात धरून फरक कळत नाही, फक्त मधली खाच थोडी सरकलेली असते. ती बसत नाही म्हणून अंगठ्याने जोर लावणारे लोक मी पाहिलेत. आतूनही मामला वेगळा आहे. डीडीआर४ ला वीज मोजूनमापून द्यायचं काम बोर्ड करतो, डीडीआर५ च्या स्टिकवर त्यासाठी स्वतःची चिप असते. इंटेलच्या बाराव्या ते चौदाव्या पिढीसाठी काही बोर्ड डीडीआर४ चे तर काही डीडीआर५ चे निघाले. तुमच्या यादीतल्या बी६५० बोर्डाच्या एएम५ सॉकेटवर मात्र फक्त डीडीआर५. तेव्हा त्या जुन्या स्टिक जुन्या बोर्डातच राहू द्या. त्यांच्याबद्दल मला एक शंका आहे, ती शेवटी विचारते.

आता चार पदरी रस्ता. स्लॉट चार असले तरी आपल्या घरगुती प्रोसेसरमध्ये मेमरीचे चॅनेल दोनच. नळ दोन असताना चार बादल्या ठेवल्या तर पाणी दुप्पट येत नाही, साठवायला जागा तेवढी वाढते. वर डीडीआर५ मध्ये शिक्षा वेगळीच. एका चॅनेलवर दोन स्टिक आल्या की सिग्नल गढूळ होतो आणि वेग खाली आणावा लागतो. एएमडीने रायझन ७००० साठी दिलेले अधिकृत आकडे बघा: दोन स्टिक असतील तर ५२००, चार असतील तर ३६००. म्हणजे दोन स्टिकवर ६००० चालवणं हेसुद्धा अधिकृत मर्यादेच्या वरचंच आहे, फक्त ते बहुतेकांकडे बिनबोभाट चालतं. चार स्टिकवर ६००० चाललं तर नशीब तुमचं, नाही चाललं तर तक्रार कुणाकडे करायची नाही.

आणखी एक गोष्ट, जी खोक्यावर कुणी लिहीत नाही. डीडीआर५ च्या ८ जीबी स्टिकवर सहसा चारच चिप असतात, १६ जीबीवर आठ. चार चिपवाल्या स्टिकमध्ये आतले कप्पे निम्मे, त्यामुळे आकडा तोच असूनही ती थोडी मंद पडते. म्हणून १६ च्या दोन. एकाच खोक्यातल्या.

या 'एकाच खोक्यातल्या' वर मी जरा थांबणार आहे, कारण तिथे माझी स्वतःची रक्कम आणि दीड महिना गेलाय.

जुन्या पीसीत माझ्याकडे डीडीआर४ ३२०० सीएल १६ ची ८-८ ची जोडी होती. वर्षभराने वाटलं, ३२ करू. तीच कंपनी, तेच नाव, तोच मॉडेल नंबर, अक्षर न् अक्षर जुळवून दुसरी जोडी आणली. लावली, पीसी चालू झाला, ३२ दिसले, मी खूश. आठवड्याभरात खेळ मधूनच डेस्कटॉपवर फेकायला लागला. कधी दहा मिनिटांनी, कधी दोन तासांनी. मी ग्राफिक्स कार्डावर संशय घेतला. ड्रायव्हर बदलले. विंडोज तीनदा नव्याने टाकलं, तिसऱ्यांदा तर टाकतानाच अडकलं. मग एसएमपीएस बदलला. रॅमवर संशयच आला नाही, कारण ती तर 'तीच' होती ना.

शेवटी वैतागून रॅम तपासणारं मेमटेस्ट८६ पेन ड्राइव्हवर टाकलं आणि रात्रभर लावून ठेवलं. पहिली फेरी स्वच्छ, दुसरी स्वच्छ. सकाळी पाहिलं तर तिसऱ्या फेरीत लाल ओळी. जुनी जोडी एकटी लावली, पास. नवी एकटी, तीही पास. चारही एकत्र लावल्या की नापास. स्टिकवरच्या चिप कुठल्या ते तपासल्यावर उलगडलं: दोन्ही जोड्यांचं लेबल एकच, पण आतल्या चिप दोन वेगवेगळ्या कारखान्यांच्या. रॅम विकणारे बरेच ब्रँड चिप स्वतः बनवत नाहीत. सॅमसंग, एसके हायनिक्स, मायक्रॉन यांच्याकडून घेतात, आणि नाव न बदलता आतला माल बदलू शकतात. एका खोक्यातली जोडी एकमेकांबरोबर तपासलेली असते. दोन खोक्यांचं लग्न आपण लावतो, मग निभावायचंही आपणच. दुसरी जोडी मी विकून टाकली.

सीएल. मागितलेलं द्यायला रॅम किती ठोके घेते तो हा आकडा. याचं गणित एका ओळीचं आहे. सीएलला २००० ने गुणा आणि रॅमच्या आकड्याने भागा, येईल तो वेळ नॅनोसेकंदात. तुमची ६००० सीएल ४० म्हणजे १३.३. ५६०० सीएल ३६ म्हणजे १२.९. ६००० सीएल ३० म्हणजे बरोबर १०. म्हणजे तुमच्या यादीत आहे तीच तिघींत सगळ्यात आळशी. आता तुमच्या २०१८ च्या रॅमचं काढा: ३००० सीएल १६, उत्तर १०.७. जुनी म्हातारी प्रतिसाद द्यायला नव्या सीएल ४० पेक्षा चपळ! नवी जिंकते ती रुंदीवर. प्रत्येक चॅनेलला सेकंदाला २४ जीबीऐवजी ४८.

तरीही हे सगळं एक्स३डी प्रोसेसरबरोबर निम्मं गैरलागू होतं. ७८००एक्स३डी मध्ये ९६ एमबी एल३ कॅश, म्हणजे प्रोसेसरच्या पोटातली वेगवान मेमरी, आहे. जे हवं ते बरंचसं घरातच सापडतं, मग रॅमकडे वारंवार जावंच लागत नाही. त्याच्यासाठी सीएल ३० च्या मागे धावून फार पदरी पडणार नाही, ३६ चालेल. साधा रायझन ५ ७६०० घेतलात तर मात्र सीएल ३० चा फरक जाणवतो.

बाकी यादीवर पटापट. प्रोसेसर १२० वॅटचा, ४०६० आहे ११५ वॅटचं. दोन्ही मिळून २३५, आणि तुम्ही १००० वॅटचा एसएमपीएस लिहिलाय. चांगल्या प्रतीचा ७५० वॅट पुष्कळ, पुढे मोठं कार्ड घेतलंत तरी. ३६० च्या लिक्विड कूलरची या प्रोसेसरला गरज नाही, दोन पंख्यांचा एअर कूलर पुरतो. फक्त त्याचा पुढचा पंखा रॅमच्या डोक्यावर येतो आणि दिवेवाल्या स्टिक ४० मिलिमीटरच्या वर उंच असतात, तेव्हा मोजूनच घ्या. बिनदिव्यांच्या बुटक्या स्टिक मिळतात, त्या कुठेही मावतात. (दिव्यांचं वेड मलाही होतं. एका सॉफ्टवेअरने रॅमचे दिवे आणि दुसऱ्याने पंख्याचे, दोघांचं पटेना. गेलं ते वेड.) जेन ५ एसएसडीने खेळ लोड होण्यात जेन ४ च्या पुढे विशेष काही होत नाही. त्यापेक्षा जेन ४ आणि २ टीबी.

या सगळ्यातून जे वाचेल ते ग्राफिक्स कार्डात घाला. १४४०पी मॉनिटर, वर फ्लाइट सिम्युलेटर, आणि ८ जीबी कार्ड, हे जमणारं नाही. १६ जीबीवालं बघा.

आता ती शंका. काही विकत घेण्याआधी दोन गोष्टी पाहून इथे टाका. टास्क मॅनेजर, परफॉर्मन्स, मेमरी: तिथे स्पीड किती लिहिलाय? आणि सिम्युलेटर चालू ठेवून त्याच खिडकीत जीपीयूवर क्लिक करा: डेडिकेटेड मेमरी किती भरली आहे आणि शेअर्ड किती?

जुनं_ते_सोनं

ताईंचं सगळं मान्य. पण मला मुळात प्रश्नच पटलेला नाही. बोर्ड का फेकताय?

बी४५० म्हणजे एएम४ सॉकेट. त्याच बोर्डावर बायोस (बोर्डाचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करून रायझन ५००० मालिका बसते. ५७००एक्स३डी मिळाला तर सोनंच, आठ कोर, त्यालाही ९६ एमबी कॅश. त्याचं उत्पादन आता थांबलंय, तेव्हा सेकंडहँड शोधावा लागेल. नाहीच मिळाला तर साधा ५७००एक्स, ६५ वॅटमध्ये आठ कोर. बोर्ड तोच, कॅबिनेट तेच, रॅम तीच.

आणि रॅम नव्याने घ्यायची ही वेळ आहे का? २०२५ च्या उत्तरार्धापासून मेमरीच्या किमती कुठे गेल्या ते बघताय ना. ताईंनी ज्या तीन कंपन्यांची नावं घेतली त्यांचा कल एआयच्या सर्व्हरना लागणाऱ्या मेमरीकडे वळलाय. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये क्रुशियल हा घरगुती ग्राहकांसाठीचा धंदाच गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. जुनी डीडीआर४ सुद्धा स्वस्त राहिलेली नाही, पण निदान सेकंडहँड मिळते. आणि सेकंडहँड घ्यायची असेल तर रॅमइतकी सोपी वस्तू नाही. समोर मेमटेस्ट लावायचं, पास झाली तर घ्यायची. ग्राफिक्स कार्डाने आधीचं आयुष्य कसं काढलंय ते असं अर्ध्या तासात कळत नाही.

दोन सूचना, दोन्ही ठेच खाऊन आलेल्या.

बायोस अपडेट जुना प्रोसेसर बोर्डात असतानाच करा. आधी नवा बसवलात तर बोर्ड त्याला ओळखणार नाही आणि तुम्ही काळ्या पडद्यासमोर बसून राहाल.

दुसरी, जुना कूलर काढण्याआधी पंधरा-वीस मिनिटं एखादा खेळ चालवा. थर्मल पेस्ट गरम होऊन सैल पडते. मग पीसी बंद करा, वायर काढा, आणि कूलर सरळ वर न ओढता आधी डावी-उजवीकडे हलके पिळा. एएम४ मध्ये पिना प्रोसेसरलाच असतात आणि सॉकेटची पकड तशी बेताची. वाळलेल्या पेस्टने चिकटलेला कूलर थंड असताना ओढला की लॉक लागलेला असूनही प्रोसेसर त्याच्या बुडाला लटकत बाहेर येतो. माझा आला होता. चार पिना वाकल्या. मेकॅनिकल पेन्सिलचं रिकामं टोक एकेका पिनेवर घालून सरळ केल्या, तासभर श्वास रोखून. चालला नंतर, पण त्या तासात माझं वय वाढलं. एएम५ मध्ये पिना बोर्डात गेल्यात, तिथे वाकण्याचा मान बोर्डाला.

एक उणीव माझ्याच योजनेतली सांगतो. बी४५० वर पीसीआय एक्सप्रेस, म्हणजे ग्राफिक्स कार्डाला जोडणारा रस्ता, तिसऱ्या पिढीचं आहे. ४०६० सारखी कार्डं सोळाऐवजी आठच लेन वापरतात. नव्या बोर्डावर ते खपून जातं, जुन्यावर तोच रस्ता आणखी अरुंद होतो. आणि ८ जीबी भरून ओसंडायला लागली की तो अरुंदपणा बरोबर झटक्यांतून दिसतो. तेव्हा जुन्या बोर्डासाठी सोळा लेनचं कार्ड घ्या. आरएक्स ९०६० एक्सटी तसं आहे, १६ जीबीचं मिळतं आणि १६० वॅटमध्ये भागतं.

उरलेला_स्क्रू

हे मला सुचलं नव्हतं, धावपट्टी_२७ बोर्ड बदलणारच असं धरून चालले होते म्हणून मीही त्याच वाटेने गेले. पटलं.

फक्त एक. 'रॅम तीच' यावर अडते. सिम्युलेटर २०२४ साठी मायक्रोसॉफ्टची शिफारसच ३२ जीबीची आहे, आदर्श म्हणून ६४ लिहिलंय. १६ म्हणजे किमान मर्यादा. काउंटर-स्ट्राइकला १६ वर चालेल, विमानाला नाही.

जुनं_ते_सोनं

शिफारस वाचली आहे. पण त्यांची १६ भरते आहे ती कशाने, हे तरी कुठे माहीत आहे? तुम्हीच तर शेअर्डचा आकडा विचारलात.

उरलेला_स्क्रू

हो, म्हणूनच विचारला.

धावपट्टी_२७

मंडळी, दोन दिवस उशीर झाला, त्याला कारण आहे आणि ते लाजिरवाणं आहे.

ताईंनी सांगितल्याप्रमाणे मेमरीचा स्पीड पाहिला. २१३३.

मला वाटलं चुकीचं वाचतोय. सीपीयू-झेड हे माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर टाकून पाहिलं, तिथे तर १०६६! हातपाय गळाले, अर्धीच चालते की काय. मग वाचून कळलं की तिथे दाखवतात त्याच्या दुप्पट धरायचं असतं, म्हणजे पुन्हा २१३३ च. सीएल १५. ताईंच्या सूत्रात घातलं: १४ नॅनोसेकंद.

म्हणजे २०१८ पासून मी ३००० ची रॅम २१३३ वर चालवतोय. बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी (रॅमला खोक्यावरचा वेग देणारं प्रोफाइल) चालू करायचं असतं हे मला आजवर कुणी बोललं नाही आणि मी विचारलंही नाही. खोक्यावर ३००० लिहिलंय म्हणजे ती ३००० वर धावणार, इतका साधा हिशेब.

जीपीयूचा आकडा: मोठ्या विमानतळावर उतरताना डेडिकेटेड ६ पैकी ५.८. शेअर्ड ३.४ आणि चढतीच. याचा अर्थ काय?

उरलेला_स्क्रू

लाजू नका, मला तीच शंका होती. खोक्यावरचा आकडा हा त्या स्टिकने दिलेला शब्द असतो, पण बायोसमध्ये प्रोफाइल चालू केल्याशिवाय तिला तो कुणी पाळायला लावत नाही. नुसती लावली की ती सुरक्षित मूळ वेगावर चालते. डीडीआर५ मध्येही तसंच, ६००० ची स्टिक आपोआप ४८०० वगैरेवरच उठते. इंटेलच्या भाषेत एक्सएमपी, एएमडीने एएम५ पासून एक्स्पो आणलं. बी४५० च्या काळात तर काही बोर्डांवर त्याला डीओसीपी असलं काहीतरी नाव असायचं, त्यामुळे मेनू उघडूनही अनेकांना सापडलं नाही. चालू केल्यावर एक रात्र मेमटेस्ट लावा, मग विसरा.

स्टिक कुठल्या स्लॉटमध्ये आहेत तेही त्याच वेळी बघून घ्या. प्रोसेसरपासून मोजत दुसरा आणि चौथा.

आता शेअर्ड. ग्राफिक्स कार्डाची स्वतःची ६ जीबी भरली की ते विंडोजकडे हात पसरतं आणि तुमच्या १६ मधून उसनं घेतं. तुमच्या रॅममधले साडेतीन जीबी प्रोसेसरचे नाहीतच, कार्डाने नेलेत. आणि उसनं घेतलेलं पीसीआयच्या रस्त्यावरून ये-जा करतं, तो रस्ता कार्डाच्या स्वतःच्या मेमरीच्या मानाने अगदीच बोळ आहे. तिकडे रॅम भरत आली म्हणून विंडोज काही भाग एसएसडीवर टाकतं, तीही साटाची. विमानतळ जवळ आला की एकदम ढीगभर इमारती आणि त्यांची चित्रं लागतात, आणि तेव्हाच सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत थांबतात. तुमचा अर्धा सेकंद तो.

जुनं_ते_सोनं, तुमचा मुद्दा सिद्ध झाला हो. आधी कार्ड.

जुनं_ते_सोनं

मी कुठे काही म्हणालो?

धावपट्टी_२७

शेवटचा वृत्तांत देऊन थांबतो.

एक्सएमपी सापडलं, तिसऱ्या मेनूत, डीओसीपी नावानेच लपलेलं. चालू केल्यावर पीसी दोनदा आपोआप बंद-चालू झाला, मी टेबलाची कड धरून उभा. मग उठला. टास्क मॅनेजरमध्ये आता ३०००. मेमटेस्ट रात्रभर लावलं, सकाळी सगळं हिरवं. स्टिक दुसऱ्या-चौथ्यातच होत्या, तेवढं तरी २०१८ च्या मला जमलं होतं.

काउंटर-स्ट्राइकमध्ये सरासरी फ्रेम थोड्या वाढल्या, पण गोळीबार सुरू झाल्यावर जे खड्डे पडायचे ते बरेच बुजलेत. भाचा म्हणाला, "मामा, आज दुसऱ्या मिनिटापर्यंत टिकलास." विमानाचं अडखळणं मात्र जसंच्या तसं, ते ताईंच्या हिशेबाप्रमाणेच झालं.

ठरलं ते असं. आधी १६ जीबीचं ९०६० एक्सटी. सोबत ७५० वॅटचा एसएमपीएस, कारण जुना वॅटमध्ये पुरत असला तरी वॉरंटी केव्हाच संपली आहे आणि पुढेमागे एएम५ वर गेलो तर हाच नेता येईल. मग महिनाभर उडून बघणार, शेअर्ड किती खाली येतं आणि १६ जीबी रॅमला श्वास घेता येतो का. नाहीच आला तर सेकंडहँड डीडीआर४ ची १६-१६ ची जोडी, एकाच खोक्यातली, मेमटेस्ट समोर लावून. प्रोसेसर त्याच्यानंतर. काचेचं कॅबिनेट यादीतून खोडलं, थोडं दुःख झालं.

आणि हो, हे सगळं करताना मॉनिटरची सेटिंगही उघडली. महिनाभर १६५ हर्ट्झचा मॉनिटर ६० वर चालत होता. यावर कुणीही प्रतिसाद देऊ नये ही विनंती.

निळा_पडदा

मॉनिटरबद्दल बोलत नाही.

पण हे सगळं वाचून मीही माझा स्पीड बघून आलो. स्टिक ३६०० च्या आहेत, चार वर्षांपूर्वी मुद्दाम निवडून घेतल्या होत्या, आणि तेव्हापासून दिसेल त्याला त्यांचं कौतुक सांगतोय.

२६६६.